सोन्याचे नॅनोकण, ऊन आणि पाण्यातला हायड्रोजन : खान्देशातल्या प्रयोगशाळेसाठी पहिला प्रयोग

१५ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. जळगावच्या सराफ बाजारात पिवळं दिसणारं सोनं आणि हे लाल सोनं धातू म्हणून एकच. फरक फक्त आकाराचा. कण इतका लहान झाला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात डोलायला लागतात, आणि सोन्याच्या बाबतीत हा ताल ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा प्रकाश कणांनी गिळला की डोळ्यापर्यंत लाल पोचतो. या डोलण्याला पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. गिळलेल्या प्रकाशाची ऊर्जा वापरून पाण्यातून हायड्रोजन काढायला मदत होते का, हे स्वतःच्या हातांनी तपासण्याचा मार्ग इथे दिला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातल्या महाविद्यालयात एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या, हा विषय पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो लिहिला आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या

प्रकाशाने पाणी फोडण्याची सुरुवात टायटॅनियम डायऑक्साइडपासून, म्हणजे टायटेनियापासून झाली. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये त्याचा इलेक्ट्रोड वापरून हे दाखवलं. अजूनही शिकायला याच्याइतका चांगला पदार्थ नाही : स्वस्त, टिकाऊ, बिनविषारी. अडचण एवढीच की त्याच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातली ऊर्जा-पट्ट्यांमधली फट ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. त्याला ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाशच चालतो. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा जेमतेम ४-५ टक्के. मे महिन्यात भुसावळला कितीही ऊन तापलं तरी त्यातलं बहुतेक या पांढऱ्या पुडीच्या कामाचं नसतं.

सोनं त्यावर बसवलं की दोन अगदी वेगळी कामं होतात.

पहिलं काम अतिनील प्रकाशातलं. इलेक्ट्रॉन टायटेनियात तयार होतो आणि सोन्यावर जाऊन बसतो. तिथे प्रोटॉनला भेटून हायड्रोजन तयार होतो. इथे प्लाझ्मॉनचा संबंध नाही. सोनं फक्त इलेक्ट्रॉन साठवणारी आणि हायड्रोजन सोडणारी जागा आहे; प्लॅटिनम हेच काम अधिक चांगलं करतं.

दुसरं काम दृश्य प्रकाशातलं. हिरवा प्रकाश सोनं शोषतं, त्यातून तापलेले इलेक्ट्रॉन तयार होतात, आणि त्यांतले थोडे सोनं व टायटेनिया यांच्या सीमेवरचा साधारण १ इलेक्ट्रॉन व्होल्टचा बांध ओलांडून टायटेनियात उतरतात. खरं प्लाझ्मॉनचं काम हे. बहुतेक इलेक्ट्रॉन बांध ओलांडायच्या आतच ऊर्जा उष्णतेत घालवून बसतात, म्हणून या वाटेने मिळणारा हायड्रोजन फार थोडा असतो.

‘सोनं घातलं, दिवा लावला, हायड्रोजन अनेक पटींनी वाढला, म्हणजे प्लाझ्मॉनचा परिणाम दिसला’ असं वाक्य प्रकल्पाच्या वहीत सर्रास सापडतं, आणि बहुतेक वेळा ते चूक असतं. दिव्यात अतिनील होतं, वाढ पहिल्या कामाची होती. पुढची प्रत्येक पायरी हे दोन हिशोब वेगळे ठेवता यावेत म्हणूनच आखली आहे.

सामान

क्लोरोऑरिक आम्लाचा ट्रायहायड्रेट, १ ग्रॅमची सीलबंद कुपी. ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट. पी-२५ नावाने मिळणारी टायटेनिया पूड (साधारण ८० टक्के अ‍ॅनाटेज, बाकी रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप, कण २० नॅनोमीटरच्या जवळपास). मिथेनॉल. पातळ नायट्रिक आम्ल. सिल्व्हर नायट्रेट. नायट्रोजन किंवा आर्गॉनचं सिलिंडर. उपकरणांत स्टररसह हॉटप्लेट, सेंट्रिफ्यूज, मफल फर्नेस, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आणि टीसीडी (वायूची उष्णतावहनक्षमता मोजणारा) डिटेक्टर असलेला गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे वायूंचं मिश्रण वेगळं करून मोजणारा जीसी.

यातला जीसी सगळ्यांकडे नसतो. विद्यापीठात किंवा मोठ्या महाविद्यालयात तो वापरायची वेळ आधी ठरवा, मगच सोनं उकळायला घ्या. वायू फुग्यात किंवा प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये भरून एसटीने दुसऱ्या गावी नेण्याचा विचार सोडून द्या. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की रबर-प्लॅस्टिकमधून तो वाटेतच निघून जातो. रिअ‍ॅक्टरच जीसीजवळ न्यायचा.

काही जण विचारतात, सराफाकडून सोनं आणून अम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवलं तर? २२ कॅरेटचं आणलंत तर त्यात ८.४ टक्के दुसरे धातू असतात. चांदीचा पांढरा क्लोराइड खाली बसतो आणि तांबं द्रावणात राहून सगळे निष्कर्ष बिघडवतं. २४ कॅरेटचं आणलं तरी उरलेलं नायट्रिक आम्ल पुन्हापुन्हा आटवून घालवावं लागतं. नवशिक्याने कुपीच घ्यावी. खाली दिलेल्या प्रमाणात एका कुपीतून १०० वेळा कण बनतात.

पाणी आणि काच

या प्रयोगातली निम्मी अपयशं इथे जन्माला येतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तो सगळ्यांनी पाहिला आहे. तेच कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्लोराइड सोन्याच्या कणांचे वैरी. कणांवर सायट्रेटचा ऋण भार असतो, त्या भारामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. क्षारांनी तो भार झाकला की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल पाणी निळं पडतं. घरगुती आरओचं पाणी पिण्याला ठीक, इथे नाही. दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं किंवा १८.२ मेगाओहम-सेंमी.चं पाणी घ्या. परीक्षा सोपी आहे : परीक्षानळीत ५ मिलि. पाणी घेऊन त्यात १ टक्का सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका, काळ्या कागदासमोर धरून बघा. किंचितही दुधी झालं तर ते पाणी वापरू नका. डिस्टिलेशनचं भांडं पांढऱ्या थराने भरलेलं असेल तर आधी ते साफ करून घ्या.

काचेची भांडी अम्लराजाने धुवायची : ३ भाग संहत हायड्रोक्लोरिक, १ भाग संहत नायट्रिक, फ्यूम हूडमध्येच, लागेल तेवढंच आणि ताजं. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड हातमोजे. अ‍ॅसिटोन किंवा मिथेनॉलचा थेंबही त्यात जाता कामा नये, आणि उरलेलं कधीही झाकण लावून ठेवायचं नाही. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटते. चुंबकाची कांडीही याच अम्लराजात धुवा. मागच्या वेळच्या सोन्याचा पातळ थर कांडीवर राहिला तर नवे कण त्यावरच वाढतात आणि आकार बिघडतो. नंतर स्वच्छ पाण्याने निदान पाच-सहा वेळा खळबळून घ्या.

कण बनवणे

ही पद्धत टर्केविच यांनी १९५१ मध्ये मांडली, फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये सायट्रेटच्या प्रमाणाने कणाचा आकार ठरवता येतो हे दाखवलं. अजूनही सुरुवात याच पद्धतीने करावी.

क्लोरोऑरिक आम्ल हवेतला ओलावा पटकन शोषतं. थोडं थोडं तोलत बसू नका. कुपी फोडून सगळं १ ग्रॅम २५० मिलि.च्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये पाण्याने धुऊन घ्या आणि खुणेपर्यंत भरा. हे झालं सुमारे १०.२ मिलिमोलर द्रावण. स्टीलचा चमचा लावायचा नाही. लोखंड सोन्याला तिथेच खाली पाडतं. तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा.

सायट्रेटचं द्रावण मात्र दर वेळी ताजं : १ ग्रॅम १०० मिलि. पाण्यात. आठवडाभर टेबलावर राहिलेल्या सायट्रेटमध्ये बुरशी धरते, उन्हाळ्यात तर लवकरच.

आता २५० मिलि.च्या फ्लास्कमध्ये ९७.५ मिलि. पाणी आणि २.५ मिलि. सोन्याचं द्रावण घ्या. वर कंडेन्सर लावा, जोरात ढवळत उकळी आणा. नुसती वाफ नको, खदखदती उकळी हवी. ती आली की ३ मिलि. सायट्रेट एकदम टाका. थेंबथेंब टाकलं तर काही कण आधी जन्मतात, काही नंतर, आणि आकार एकसारखे राहत नाहीत.

यापुढे फ्लास्कवरून नजर हलवू नका. फिकट पिवळा रंग काही क्षणांत नाहीसा होतो. मग करडा, मग काळपट निळा, मग जांभळा, आणि सुमारे ५ ते १० मिनिटांत डाळिंबी लाल. लाल झाल्यावर आणखी १५ मिनिटं उकळू द्या, मग ढवळत थंड करा. या १०० मिलि.मध्ये ५ मिलीग्रॅम सोनं आहे. प्रत्येक कणात साधारण १ लाख अणू.

स्पेक्ट्रोमीटरवर शिखर ५१८ ते ५२२ नॅनोमीटरला यायला हवं. ६५० च्या पुढे आलेख शून्याजवळ उतरला पाहिजे. तिथे फुगवटा दिसला तर कण चिकटलेले आहेत, मग डोळ्याला लाल दिसत असलं तरी. करड्या रंगावरच अडकलं तर उकळी कमी पडली किंवा सायट्रेट जुनं होतं. जांभळं राहिलं तर सायट्रेट कमी पडलं किंवा पाणी वाईट. भांड्याच्या कडेला सोनेरी आरसा दिसला तर काच अस्वच्छ. बिघडलेलं द्रावण ‘चालून जाईल’ म्हणून पुढे नेऊ नका. १०० मिलि. सोनं फुकट गेलं तरी परवडतं, पुढचे दोन महिने परवडत नाहीत.

टायटेनियावर बसवणे

इथे भारांचं गणित कामी येतं. सोन्याचे कण ऋण भारित आहेत. टायटेनियाचा पृष्ठभाग पीएच ६ च्या खाली धन भारित होतो. म्हणजे पीएच ४ च्या आसपास दोघं आपोआप एकमेकांकडे ओढले जातात. पण पीएच ३.५ च्या खाली गेलात तर सायट्रेटचा भारच उतरतो आणि सोनं टायटेनियापर्यंत पोचायच्या आत गोळा होतं.

म्हणून आम्ल सोन्यात टाकायचं नाही, टायटेनियात टाकायचं. ५०० मिलीग्रॅम पी-२५ आणि २० मिलि. पाणी, १५ मिनिटं सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात. मग ०.१ मोलर नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच ४ वर आणा. हायड्रोक्लोरिक मुद्दाम टाळलं आहे; उरलेल्या क्लोराइडमुळे पुढे भाजताना सोन्याचे कण सरकून एकमेकांत मिसळतात. आता पूर्ण थंड झालेलं सोन्याचं द्रावण, जोरात ढवळत, अर्ध्या तासात हळूहळू ओता. पीएच मध्येच तपासा, ४.५ च्या वर चढला तर एखादा थेंब आम्ल. मग २-३ तास ढवळत ठेवा.

सोनं बसलं की नाही हे कसं ओळखायचं? ढवळणं थांबवून १० मिलि. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये ५००० फेऱ्यांवर १० मिनिटं फिरवा. वरचं पाणी नितळ, बिनरंगी, आणि तळाशी लाल कांद्याच्या सालीसारखी गुलाबी-जांभळी पूड : काम झालं. वर गुलाबी झाक राहिली तर पीएच जास्त आहे, किंवा वेळ कमी पडला. सुटे १५ नॅनोमीटरचे कण या वेगाला खाली बसत नाहीत, त्यामुळे ही परीक्षा फसवत नाही.

पूड तीन वेळा पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्याला सिल्व्हर नायट्रेटने दुधी रंग येणं बंद होईपर्यंत धुतलं तर उत्तमच. ८० अंशांवर रात्रभर वाळवा, खलात हलक्या हाताने दळा. हिशोबाने पुडीत १ टक्का सोनं आहे.

भाजणी

सायट्रेट अजून सोन्याला चिकटून आहे. ते राहिलं तर दोन नुकसानं होतात : सोनं आणि टायटेनिया यांच्यात थेट स्पर्श होत नाही, आणि सायट्रेट स्वतःच जळून इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे पहिल्या तासाचा हायड्रोजन खोटा वाढतो. मफल फर्नेसमध्ये मिनिटाला ३ अंशांनी ३०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन २ तास ठेवा, दार न उघडता थंड होऊ द्या.

रंग जरा जांभळा होईल. टायटेनियाचा अपवर्तनांक मोठा असल्याने सोन्याचं शिखर ५४० ते ५६० नॅनोमीटरपर्यंत सरकतं, ते योग्यच आहे. निळसर करडा झाला तर कण मोठे झाले. मध्येच वीज गेली तर? ती पूड वेगळ्या डबीत, तारीख आणि किती अंशांवर थांबली ते लिहून ठेवा. पुन्हा भाजून मूळ पुडीत मिसळू नका. दोनदा भाजलेलं आणि एकदा भाजलेलं सोनं सारखं नसतं. साध्या पी-२५ लाही हेच धुणं आणि हीच भाजणी द्या, नाहीतर तुलना न्याय्य होत नाही.

रिअ‍ॅक्टर

१०० मिलि.चा गोल बुडाचा फ्लास्क, तोंडाला रबराचा सेप्टम, म्हणजे सुई टोचता येईल असं बूच. अतिनीलसाठी क्वार्ट्झ हवा. दृश्य प्रकाशाच्या प्रयोगाला बोरोसिलिकेट चालतो. १०० मिलि. लिहिलेल्या फ्लास्कमध्ये काठोकाठ त्याहून बरंच जास्त मावतं, म्हणून आधी तो पाण्याने भरून वजन करा आणि खरं आकारमान फ्लास्कवर लिहून ठेवा. वरच्या मोकळ्या जागेचा आकडा चुकला तर सगळाच हिशोब तेवढ्याने चुकतो.

आत ५० मिलीग्रॅम पूड, ४० मिलि. पाणी, १० मिलि. मिथेनॉल. मिथेनॉल का? प्रकाशाने इलेक्ट्रॉनबरोबर धन होलही, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली रिकामी जागाही तयार होते. पाण्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजन करणं होलला जड जातं, तोवर इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांत विरून जातात. मिथेनॉल होलला पटकन इलेक्ट्रॉन देतं. पण मग निघालेला हायड्रोजन केवळ पाण्याचा नाही, मिथेनॉलचाही आहे, आणि सोबत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अहवालात ‘पाण्याचं विघटन’ असं न लिहिता ‘मिथेनॉल-पाणी द्रावणातून हायड्रोजन’ असंच लिहा. शुद्ध पाण्याचं संपूर्ण विघटन सिद्ध करायचं तर हायड्रोजनच्या निम्मा ऑक्सिजनही मोजून दाखवावा लागतो.

५ मिनिटं सोनिकेट करा, मग लांब सुईने नायट्रोजन ३० मिनिटं बुडबुडवा, दुसरी छोटी सुई वायू बाहेर जायला. नायट्रोजन आधी मिथेनॉल-पाण्याच्या बाटलीतून आणा, नाहीतर अर्ध्या तासात आतलं मिथेनॉलच उडून जातं. आधी बाहेरची सुई, मग लगेच आतली काढा.

एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० अंशांच्या वर असते. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, दिव्यासमोर फ्लास्क सहज तापतो, दाब वाढून सेप्टम उडतो, आणि मिथेनॉलची वाफ पेट घेणारी व विषारी. पाण्याचा जॅकेट आणि फिरतं पाणी हवंच. डेझर्ट कूलरचा छोटा पंप आणि बर्फाचं पाणी भरलेली बादली एवढ्यावर काम भागतं. जॅकेटमध्ये येणारं पाणी ३० अंशांवर ठेवा. पण बादलीत बोअरचं पाणी भरू नका. कूलरच्या जाळीवर चढतो तोच पांढरा थर जॅकेटच्या आतून चढतो, प्रकाश अडवतो, आणि ‘उत्प्रेरक मरतोय’ असं वाटायला लागतं. जॅकेटमध्येही डिस्टिल्ड पाणी.

प्रकाश

दोन प्रकारे प्रयोग करा. एक, पूर्ण प्रकाश : ३०० वॅटचा झेनॉन दिवा. दोन, फक्त दृश्य : त्याच दिव्यापुढे ४२० नॅनोमीटरचा कट-ऑफ फिल्टर. फिल्टर नसेल तर १ मोलर सोडियम नायट्राइट (लिटरला ६९ ग्रॅम), १ सेंमी. जाडीच्या काचेच्या चपट्या कुपीत भरून पुढे उभा करा. ते ४०० च्या खालचा प्रकाश अडवतं. नायट्राइट विषारी आहे, कुपीवर मोठ्या अक्षरात लिहा. खिडकीच्या काचेने अतिनील अडतं हा गैरसमज आहे. ती साधारण ३२० च्या खालचं अडवते, आणि टायटेनियाला ३२० ते ३८७ मधलं पुरेसं असतं.

सगळ्यांत स्वच्छ निर्णय हिरव्या एलईडीने मिळतो. ५३० नॅनोमीटरच्या एलईडीत अतिनील नसतंच.

उन्हात करायचं असेल तर आपली जागा उत्तम. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. सकाळी ११ ते दुपारी ३ एवढीच वेळ घ्या. दर १५ मिनिटांनी प्रकाशाची तीव्रता नोंदवा, फ्लास्कभोवती गार पाण्याचं उथळ घमेलं आणि त्यावर ओलं गोणपाट ठेवा, प्रकाश येणारी बाजू मोकळी. कोरड्या हवेत ओल्या गोणपाटाने चांगला गारवा येतो. वावटळीची धूळ काचेवर बसते, ती पुसत राहा. साधी पी-२५ आणि सोन्याची पूड हे दोन फ्लास्क एकाच वेळी शेजारी-शेजारी ठेवा. आजच्या उन्हाची कालच्या उन्हाशी तुलना करू नये.

मोजणी आणि हिशोब

जीसीला वाहक वायू आर्गॉन घ्या. हेलियम आणि हायड्रोजनची उष्णतावहनक्षमता जवळजवळ असल्याने हेलियममध्ये हायड्रोजनचं शिखर दिसतच नाही असं होतं. स्तंभ ५ए मॉलिक्युलर सीव्हचा. आधी १ टक्का हायड्रोजनच्या प्रमाणित मिश्रणाने मापन ठरवून घ्या. गॅसटाइट सिरिंजने दर वेळी ०.५ मिलि. नमुना. पहिला नमुना दिवा लावायच्या आधी, मग दर ३० मिनिटांनी, ३ तासांपर्यंत.

ऑक्सिजनचं शिखर वेळेबरोबर वाढत गेलं तर सेप्टम गळतोय. हायड्रोजन बाहेर जातोय आणि आत आलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन खातोय. दर प्रयोगाला नवा सेप्टम लावा.

एक उदाहरण करून बघा. मोकळी जागा ८० मिलि., २ तासांनी हायड्रोजन ०.७५ टक्के. म्हणजे ०.६ मिलि. ३० अंशांना १ मोल वायू २४.९ लिटर जागा घेतो, म्हणून २४.१ मायक्रोमोल. ५० मिलीग्रॅमवर २ तासांत, म्हणजे ग्रॅममागे तासाला २४१ मायक्रोमोल. मोकळ्या जागेतला वायू ४२ अंशांवर असेल तर २४.९ ऐवजी २५.९ लिटर घ्यावे लागतात; ४ टक्के फरक, म्हणून तापमान वहीत असलंच पाहिजे.

ग्रॅममागचा दर मात्र दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका. दिवा, फ्लास्क, पूड किती घातली, सगळ्यावर तो बदलतो. तुलनेला योग्य तो आभासी क्वांटम उतारा : दर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन कामी आले. ५३० नॅनोमीटरचा ५० मिलीवॅट प्रकाश फ्लास्कवर पडत असेल तर तासाला सुमारे ७९७ मायक्रोमोल फोटॉन येतात. त्यात १ मायक्रोमोल हायड्रोजन मिळाला तर त्याला २ इलेक्ट्रॉन लागले, म्हणून उतारा २ भागिले ७९७, म्हणजे ०.२५ टक्के. प्लाझ्मॉनच्या कामात १ टक्क्याच्या खालचे आकडे नेहमीचेच आहेत, नाउमेद होऊ नका. १० टक्के आला तर मात्र आधी दिव्यात अतिनील शिरलंय का ते बघा. मोठ्या प्रमाणावरही हे काम कठीणच आहे : जपानमधल्या १०० चौरस मीटरच्या फोटोकॅटॅलिस्ट पॅनलची सौर-ते-हायड्रोजन कार्यक्षमता २०२१ मध्ये ०.७६ टक्के प्रसिद्ध झाली, आणि त्यात प्लाझ्मॉनचे कण नव्हते.

तुलनेचे प्रयोग

हे टाळले तर वरचं सगळं वाया जातं. अंधारात तोच फ्लास्क. पुडीशिवाय प्रकाशात. साधी पी-२५, पूर्ण प्रकाशात आणि ४२० च्या वर. मिथेनॉलशिवाय सोन्याची पूड. आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा : अंधारात, पण प्रकाशात असताना फ्लास्कमध्ये मोजलेल्या तापमानावर गरम ठेवलेला. सोनं प्रकाश शोषून गरम होतं, आणि गरम होण्यानेच काम वाढलं असेल तर ते श्रेय तापलेल्या इलेक्ट्रॉनला देता येत नाही.

४२० च्या वर साध्या पी-२५ ने जवळजवळ काहीच दिलं नाही पाहिजे. दिलं, तर फिल्टर गळतोय. जमलं तर ४५०, ५३०, ६२० अशा तीन एलईडींनी उतारा काढा. हायड्रोजनचा आलेख सोन्याच्या शोषणाच्या आलेखासारखा, ५३०-५५० जवळ उंच आणि ६२० ला खाली आला, तर प्लाझ्मॉनचा दावा भक्कम. ४५० लाच सर्वांत उंच आला, तर सोन्याच्या आतल्या पट्ट्यांमधले इलेक्ट्रॉन किंवा टायटेनियातले दोष काम करत असण्याची शक्यता मोठी, आणि तसंच लिहावं.

शेवटी हायड्रोजन बाहेर सोडताना : हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेटतो. इथलं प्रमाण छोटं, तरी फ्यूम हूडमध्ये, बर्नर बंद, खिडक्या उघड्या.

आणि सोनं. वापरलेली पूड, बिघडलेली लाल-निळी द्रावणं, धुण्याचं पाणी, सगळं सिंकमध्ये न जाता ‘सोनं’ लिहिलेल्या एका मोठ्या बाटलीत जाऊ द्या. अम्लराजाचं धुणं मात्र वेगळ्या भांड्यात, सोडियम बायकार्बोनेट हळूहळू घालून फेस थांबेपर्यंत शांत करून, एक रात्र उघडं ठेवून, मग त्याच बाटलीत. सराफ कट्ट्यावरची धूळ गोळा करणारे झारेकरी जे काम पिढ्यानपिढ्या करत आले तेच हे. १०० वेळा कण केले तर बाटलीत अर्धा ग्रॅम सोनं साठतं.